२०० एमबीपीएसच्या लाइनला ११.२ एमबीच का दिसतंय? आधी भागाकार, मग भांडण

प्रश्न थोडक्यात असा आहे. विट्याच्या एका पोरानं घरी २०० एमबीपीएसचं फायबर घेतलंय, पीसीला थेट केबल लावलीय, गेम डाऊनलोडला टाकला की ब्राउझरमधला आकडा ११.२ एमबी पर सेकंदच्या वर काही केल्या जात नाही. त्याचं म्हणणं, पैसे २०० चे घेतात आणि ११ देतात, ही सरळ लूट आहे. त्याचा मित्र म्हणतो, अरे येड्या ते ८ ने भागायचं असतं, सगळं बरोबर आहे, गप झोप. आणि जाता जाता त्या पोरानं अजून एक विचारलंय की वडिलांच्या दुकानात ८ कॅमेरे लावायचेत, १५ दिवसांचं रेकॉर्डिंग पाहिजे, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये २०४८ केबीपीएस लिहिलंय, तर डिस्क किती जीबीची घ्यायची.

भावा, तू पण चुकतोयस आणि तुझा मित्र पण. तो म्हणतो ८ ने भाग, बरोबर आहे, पण मग भागून तर बघ की. २०० भागिले ८ म्हणजे २५. तुला दिसतंय ११.२. म्हणजे लूट नसेल कदाचित, पण "सगळं बरोबर" तर अजिबात नाही. निम्म्याहून जास्त कुठंतरी गळतंय, आणि कुठं गळतंय ते त्या ११.२ या आकड्यातच लिहिलेलं आहे. मी सांगलीत विश्रामबागला नेटवर्किंग आणि सीसीटीव्हीचं काम करतो, दुकान टाकून बरीच वर्षं झाली, आणि ११.२ ऐकल्याबरोबर मला तुझ्या घराचा निम्मा नकाशा कळला. कसा ते सांगतो, पण आधी मुळातला घोळ.

घोळ असा आहे की इंटरनेट विकणारा बिटमध्ये विकतो (एमबीपीएस म्हणजे मेगाबिट पर सेकंद, केबीपीएस म्हणजे किलोबिट) आणि तुझा कॉम्प्युटर बाइटमध्ये मोजतो. एका बाइटमध्ये ८ बिट. आमच्या आज्जीच्या वेळचं माप सांगतो, एक शेर म्हणजे आठ नवटाक. (नवटाक हा शब्द आता वेगळ्याच दुकानात ऐकू येतो ते सोड.) दुकानदारानं पाटीवर लिहिलं "२०० नवटाक तांदूळ" आणि घरी येऊन तू शेरानं मोजलास तर २५ च भरणार, त्यात कुणी मापात पाप केलेलं नाही. इंग्रजीत निदान छोटा बी आणि मोठा बी असा फरक तरी करतात, छोटा म्हणजे बिट आणि मोठा म्हणजे बाइट. आपल्या देवनागरीत छोटं मोठं अक्षर नाहीच, त्यामुळं जाहिरातीत "१०० एमबी स्पीड" लिहिलं की ते काय आहे ते लिहिणाऱ्याला पण माहीत नसतं. आणि आमच्या धंद्यातले लोक तर "पर सेकंद" पण खाऊन टाकतात, सरळ "५० एमबीची लाइन टाकली" म्हणतात. मी पण म्हणतो. तिथंच सगळी मेख आहे.

या "एमबीची लाइन" बोलण्यानं मी एकदा चांगला तोंडघशी पडलोय. मिरजेत एका स्कॅन सेंटरला लाइन टाकली होती, तेव्हा १० एमबीपीएस अपलोड म्हणजे भारी समजायचे. डॉक्टरांना मी नेहमीसारखं म्हणालो, सर तुम्हाला १० एमबीची अपलोड दिलीय. डॉक्टरांनी हिशोब केला, एका पेशंटचा सीटी स्कॅन ५०० एमबी, १० एमबी एका सेकंदाला, म्हणजे ५० सेकंदात पुण्याला रिपोर्टिंगसाठी फाइल पोचणार. मी उभा असतानाच त्यांनी फाइल पाठवायला लावली आणि मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू केलं. पन्नास सेकंद झाले, दोन मिनिटं झाली, त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, मी राउटरकडं बघितलं. ७ मिनिटं आणि वर काही सेकंद लागले. हिशोब बघ, ५०० गुणिले ८ म्हणजे ४००० मेगाबिट, भागिले १०, म्हणजे ४०० सेकंद, पावणेसात मिनिटं, वरची थोडी लाइनवरची घट. लाइन एकदम चोख चालली होती. चूक माझ्या तोंडात होती. त्या दिवसापासून गिऱ्हाईकाला मी कोटेशनमध्ये स्पीड लिहितच नाही, "५०० एमबीची फाइल जायला इतकी मिनिटं" असं लिहितो. डॉक्टर काय, व्यापारी काय, त्यांना वेळ कळतो, एमबीपीएस कुणाला कळत नाही.

बरं, आता ती "लाइनवरची घट". ही समजली नाही तर ११.२ चं कोडं सुटत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं पोतं काट्यावर चढवलं की बारदानाचं वजन वजा करतात ना, तसंच आहे. तुझा डाटा केबलवरून मोकळा वाहत नाही, पोत्यात भरून येतो. एका पोत्याचं माप १५०० बाइट. त्यातलेच ५२ बाइट आतल्या चिठ्ठ्यांना जातात, कुठून आलं, कुठं जायचं, कितवं पोतं, वगैरे. म्हणजे खरा माल १४४८. आणि त्या १५०० च्या पोत्याला बाहेरून परत सुतळी, शिक्का आणि दोन पोत्यांमधली मोकळी जागा धरून केबलवर एकूण १५३८ बाइटएवढा वेळ जातो. १४४८ भागिले १५३८ केलं की ९४ टक्के येतात. म्हणजे १०० एमबीपीएसच्या केबलवरून कितीही जोर लावला तरी खरा माल ९४ एमबीपीएसच येणार. गिगाबिटवरून, म्हणजे १००० एमबीपीएसच्या केबलवरून, ९४१. हे ९४ आणि ९४१ आकडे लक्षात ठेव, स्पीड टेस्टमध्ये यातला एखादा दिसला की समजायचं बहुतेक लाइनवाल्यानं नाही, केबलनं किंवा पोर्टनं (केबल खुपसतो त्या खाचेनं) अडवलंय.

अजून एक बारीक घोळ राहिला. लाइनवाल्याचा मेगा म्हणजे चोख दहा लाख. डाटा ट्रान्सफरच्या स्पीडमध्ये किलो, मेगा, गिगा सगळे हजाराच्या पटीत, यात कुठं १०२४ येत नाही. पण विंडोज आणि त्यावरची बरीच सॉफ्टवेअर एमबी म्हणजे १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०,४८,५७६ बाइट धरतात. खरं तर या १०२४ वाल्या मापाला १९९८ मध्ये वेगळं नाव दिलं, मेबीबाइट, पण विंडोजनं ते स्क्रीनवर काही आणलं नाही, ते अजून एमबीच लिहितंय. १ टीबीची डिस्क लावली की ९३१ जीबी दिसते ती याच भानगडीनं. मेगाच्या पातळीवर फरक जवळपास ५ टक्क्यांचा पडतो.

(कुणीतरी म्हणेल की बँकेची जुनी २ एमबीची लीज्ड लाइन (फक्त त्यांच्यासाठी राखलेली भाड्याची लाइन) २०४८ केबीपीएसची असायची, मग तिथं १०२४ आलंच की. नाही आलं. ती ६४ केबीपीएसचे ३२ गाळे मिळून २०४८ होते, आणि ६४ कुठून आले तर फोनवरचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजून प्रत्येक वेळी ८ बिट लिहायचे म्हणून. योगायोगानं आकडा १०२४ च्या दुप्पट दिसतो एवढंच.)

आता तुझा आकडा घे. ब्राउझर म्हणतोय ११.२, तो १०२४ वाला एमबी धरू. ११.२ गुणिले १०,४८,५७६ गुणिले ८ करून बघ, ९ कोटी ३९ लाख आणि काहीतरी येतं, म्हणजे ९४ एमबीपीएस. कळलं? हे ९४ म्हणजे १०० एमबीपीएसच्या पोर्टचा अंगठा आहे. तुझी २०० ची लाइन घरापर्यंत बहुतेक व्यवस्थित येतीय, आणि राउटर ते पीसी या मधल्या दोनचार मीटरमध्ये कुठंतरी १०० ची खिंड लागलीय. लाइनवाल्यानं तुला कमी दिलं असतं, समजा चुकून १०० चाच प्लॅन लावला असता, तरी आकडा याच्या आसपास आला असता, ते मी नाकारत नाही, म्हणून ते पण तपासायचं, पण शेवटी. आधी आपलं घर.

पीसीवर विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्कमध्ये जाऊन इथरनेट उघड, तिथं लिंक स्पीड, म्हणजे पीसी आणि राउटरनं आपापसात ठरवलेला वेग, लिहिलेला असतो. १०००/१००० दिसायला पाहिजे. मला वाटतं तुला १००/१०० दिसेल. दिसला तर कारणं मोजून चार, आणि माझ्या अनुभवात पहिलं केबलच असतं.

गिगाबिटला केबलमधल्या आठही वायरी लागतात. १०० एमबीपीएसला चारच पुरतात, केशरी जोडी आणि हिरवी जोडी. निळी किंवा तपकिरी जोडीतली एक जरी वायर केबलच्या टोकाच्या क्लिपमध्ये नीट बसली नसली, उंदरानं कुरतडली, दारात चेमटली, की दोन्हीकडची मशिनं आपापसात ठरवून गुपचूप १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, लाइट लुकलुकत राहते, कुणाला पत्ता लागत नाही. दोन वर्षांमागं यार्डातल्या एका अडत दुकानात गेलो, तक्रार हीच, ३०० चा प्लॅन आणि वर जाईना. केबल कॅट सिक्सची, नवीकोरी दिसत होती. क्लिप कापून बघितली तर आत चारच वायरी, उरलेल्या चार बाहेर मागं वळवून टेप मारलेल्या. जुन्या कुणा कारागिरानं एकाच केबलीत दोन पीसी चालवले होते, केशरी हिरवीवर मालकांचा, निळी तपकिरीवर मुनीमजींचा. त्या काळात आम्ही सगळेच असं करायचो, केबल महाग होती, नेट ५१२ केबीपीएसचं होतं, कुणाला फरक पडत होता? मुनीमजींचा पीसी कधीच भंगारात गेला पण केबल तशीच राहिली. आठ वायरी परत क्रिंप केल्या, टेस्टरवर १ ते ८ लाइट ओळीनं लागल्या, पाच मिनिटांत काम खलास. मालकांनी विचारलं बिल कशाचं, सांगितलं एका क्लिपचं.

दुसरं कारण, कंपनीनं दिलेला राउटर. स्वस्तातल्या काही मॉडेलांना मागचे पोर्टच १०० चे असतात, किंवा चारातला एकच गिगाबिटचा असतो आणि आपण नेमकी दुसऱ्यात केबल खुपसलेली असते. पोर्ट बदलून बघ. तिसरं, पीसी जुना असला तर त्याचं लॅन कार्डच १०० चं असतं, आणि लॅपटॉपला यूएसबीचा लॅन अडाप्टर लावला असशील तर त्यातले स्वस्तातले पण १०० चेच येतात. चौथं, मधे एखादा जुना स्विच, म्हणजे एका केबलीवर अनेक मशिनं जोडायचा डबा. माळ्यावर कुठंतरी धूळ खात पडलेला असतो, घरच्यांना आठवत पण नाही.

हे सगळं बघून लिंक १००० दाखवायला लागली आणि तरी ११.२ वरच अडलं, तर मग लाइनवाल्याला फोन लाव आणि विचार माझ्या अकाउंटला प्लॅन कितीचा लावलाय. पण त्याला "११ एमबी येतंय" असं सांगू नको, तो लगेच ८ ने भागायचं शिकवेल आणि फोन ठेवेल. "केबलवर, लिंक १ जीबीपीएस असताना, ९४ एमबीपीएस येतंय" असं सांग. त्याच्या मापात बोललं की तिकडचा माणूस पण सरळ होतो.

आणि एक, मोबाइलवर वायफायनं टेस्ट करून मला आकडे सांगू नको. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर साध्या फोनची लिंकच ७२ एमबीपीएसची असू शकते आणि त्यातला निम्माशिम्मा खरा माल हातात येतो, कारण हवेत एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी गप बसायचं असतं. तो वेगळा विषय आहे, त्यात भिंती, शेजाऱ्यांचे राउटर सगळं येतं.

रोजच्या वापराला मी काय करतो सांगू का. कागदावर हिशोब करताना ८ ने भागतो. केबलवर विंडोजमध्ये काय दिसेल याचा अंदाज घ्यायचा असला की ९ ने, कारण बारदान आणि १०२४ दोन्ही धरून साधारण तेवढंच पडतं. आणि गिऱ्हाईकाला शब्द द्यायचा असला की १० ने, नंतर कटकट नको. १० ने भागायची सवय मला डायल-अपच्या वेळेपासून आहे, तेव्हा ५६ के चा मोडेम असायचा आणि डाऊनलोडला ५ केबी दिसले की कॅफेतली पोरं टाळ्या वाजवायची, ७ काही कधी दिसले नाहीत. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, म्हणजे सेकंदाला ३२ केबी, आणि आम्ही त्यावर खूश होतो. २०२३ पासून सरकारी व्याख्येत किमान २ एमबीपीएस आहे, म्हणजे २५० केबी. तुझ्या ११.२ ला नावं ठेवताना हे पण आठव जरा.

तर तुझं सगळं दुरुस्त झाल्यावर आकडा २२-२३ वर यायला पाहिजे. २५ ची वाट बघत बसू नको, तो कागदावरचा आहे, वरती सांगितलं ते बारदान जाणारच. आणि गेम कंपनीचा सर्व्हर संध्याकाळी दमलेला असला तर २३ पण नाही येणार, ते तुझ्या आणि लाइनवाल्याच्या दोघांच्याही हातात नाही.

आता कॅमेऱ्याचं. इथं हिशोब उलट्या बाजूनं आहे, स्पीडवरून साठा काढायचाय. हे सांगली साताऱ्याच्या माणसाला शिकवायची गरजच नाही खरं तर. ऑगस्ट आला की आपल्याकडचं शेंबडं पोर पण क्युसेक (सेकंदाला एक घनफूट पाणी) आणि टीएमसी (एक अब्ज घनफूट पाणी) बोलतं. कोयनेतून २०,००० क्युसेक सोडलं ही स्पीड झाली, आणि धरणात १०५ टीएमसी मावतं हा साठा झाला. क्युसेकला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणलं की रोजचं पाणी निघतं, ११,५७४ क्युसेक अखंड दिवसभर चाललं की १ टीएमसी. आयर्विन पुलावर पाण्याची पट्टी बघायला जाणारे लोक हा हिशोब तोंडी करतात आणि तेच लोक माझ्या दुकानात येऊन केबीपीएस बघून घाबरतात. केबीपीएस हा क्युसेक आहे, जीबी हा टीएमसी आहे, बास. फक्त मधे एक ८ चा भागाकार जास्तीचा.

२०४८ केबीपीएस भागिले ८, २५६ केबी एका सेकंदाला. गुणिले ८६,४००, दिवसाला २२.१ जीबी एका कॅमेऱ्याचे. ८ कॅमेऱ्यांचे १७७ जीबी. १५ दिवसांचे साधारण २६५५ जीबी. हा ८ चा भागाकार विसरला की काय होतं बघ, माझ्याकडं कामाला होता त्या पोरानं एका मंगल कार्यालयाला हाच हिशोब न भागता दिला, २१ टीबी लागतील म्हणून सहा डिस्कचं कोटेशन पाठवलं, मी गावाला होतो. गिऱ्हाईक ते कागद घेऊन सरळ दुसऱ्या दुकानात गेलं आणि तिकडं हसले असणार आम्हाला. पोरगा हुशार होता, आता पुण्यात चांगल्या नोकरीला आहे, पण हे कोटेशन मी अजून जपून ठेवलंय, नवीन येणाऱ्याला दाखवायला.

३ टीबी कागदावर पुरते, १५ चे १६-१७ दिवस निघतील. पण कॅमेऱ्याचा बिटरेट (तेच ते २०४८ केबीपीएस) तू "व्हेरिएबल" वर ठेवलास तर दुकानातली वर्दळ, रात्रीचा अंधार, यानं रोजचा आकडा मागंपुढं होतो, आणि फक्त हालचाल झाली की रेकॉर्ड कर असं लावलंस तर बराच कमी होतो, म्हणून पक्कं असं मी सांगू शकत नाही. वडिलांचं दुकान कसलं आहे ते तू लिहिलं नाहीस. सराफी असेल तर हालचालीवर ठेवू नको, चोवीस तास चालू ठेव. मी असतो तर ४ टीबीची, सीसीटीव्हीसाठीची म्हणून वेगळी मिळते ती डिस्क घेतली असती, साध्या पीसीची नाही, ती चोवीस तास लिहायला बनवलेली नसते. ४ टीबीत तुला तीन आठवडे सहज मिळतील. आणि डीव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याला, लावल्यावर ती ४ नाही, ३.६ च्या आसपास दिसेल. ती डिस्क परत करायला दुकानात जाऊ नको.